मुन्शीची दोन

सोमारीला साठाव्या वर्षी गळ्यात घालायला बिल्ला मिळाला, आणि तेव्हापासून तो तिनं फक्त आंघोळीपुरता काढला. निळी फीत, प्लॅस्टिकचं पाकीट, आत तिचा दचकलेल्या चेहऱ्याचा फोटो आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. त्या ओळींचा अर्थ ‘मोजणी व भरणी’ असा होतो, हे रंजीतानं तिला सांगितलं होतं. सोमारीला अर्थाशी फारसं देणंघेणं नव्हतं. कुरखेड्याच्या आठवडी बाजारात ती बिल्ला घालूनच जायची आणि कांदेवाल्याशी पूर्वीपेक्षा दुप्पट घासाघीस करायची.

रंजीता तिची सून, आणि त्याआधी सख्ख्या भावाची मुलगी. त्यांच्या गोंडांच्या घरांत आत्याकडं सून म्हणून जायची जुनी रीत आहे. त्यामुळे सासूपणा गाजवायचा म्हटलं असतं तरी सोमारीला तो जिला कडेवर घेऊन मोहफुलं वेचायला नेलं होतं त्याच पोरीवर गाजवावा लागला असता. एवढी हौस तिच्यात नव्हती. लग्नाला बारा वर्षं झाली तरी रंजीता तिला आत्याच म्हणायची.

बिल्ला दिला होता वरोऱ्याच्या एका कंपनीनं. ही कंपनी विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटऱ्या जोडते आणि पुण्याकडच्या मोठ्या कारखान्याला पाठवते. आता वरोऱ्याच्या कंपनीला कुरखेड्यापलीकडच्या जंगलातलं मोहटोला कसं सापडलं, तर त्याचीही गंमत आहे. पुण्याच्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात एक रकाना असतो: मागास भागातले पुरवठादार किती. वरोऱ्याचा तो रकाना दोन वर्षं कोरा जात होता, आणि कोरा रकाना साहेबलोकांच्या जिवाला फार लागतो. मग कोणीतरी जिल्हा परिषदेतून बचत गटांची यादी आणली, आणि यादीतल्या ज्या गटाचा फोन लागला तो मोहटोल्याचा निघाला. तिथं रेंज येते ती फक्त हातपंपाजवळ, आणि त्या दिवशी रंजीता हातपंपाजवळ होती. एवढ्यावरच अकरा बाया वीजगाड्यांच्या धंद्यात आल्या.

काम अवघड नव्हतं. काळ्या नळीची रिळं यायची. नळीचे बोटाएवढे तुकडे कापायचे आणि चोवीस तुकडे एका थैलीत भरायचे. एक थैली म्हणजे एक बॅटरी. बॅटरीत तारांचे चोवीस जोड असतात. प्रत्येक जोडावर एक नळी चढवून गरम हवा मारली की नळी आक्रसते आणि जोडाला घट्ट बसते. एखादा जोड उघडा राहिला तर बॅटरी पेट घेऊ शकते. हे सगळं प्रणितनं दोन दिवस मुक्काम करून शिकवलं. प्रणित हा कंपनीचा तपासणी इंजिनिअर, वरोऱ्याजवळच्या खेड्यातला कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो बायांशी आधी पुस्तकी मराठीत बोलायचा आणि चहा झाला की आपल्या मराठीवर यायचा.

कंपनीनं ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अकरा निळ्या खुर्च्या दिल्या, कात्र्या दिल्या, झगे दिले. आणि त्या जानेवारीत एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. तेलंगणातल्या मिरची तोडाईसाठी बाया न्यायला जी पिकअप दर वर्षी मोहटोल्याला यायची, ती रिकामी परत गेली. दोन महिने तिकडं पालात राहायचं, तिखटानं सुजलेल्या हातांनी भात खायचा, आणि परत येईपर्यंत पोरांची शाळा बुडलेली. रंजीतानं हे सात वर्षं केलं होतं. सोमारीनं किती वर्षं केलं ते तिनं मोजलंच नव्हतं. आता तिचे गुडघे गेले होते, जंगलात चढवत नव्हतं, आणि निळ्या खुर्चीत बसून करायचं हे तिच्या आयुष्यातलं पहिलं काम होतं. ती खुर्ची सुटली तर दुसरी मिळणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

सुरुवातीच्या वीस-वीस थैल्यांच्या खेपा रंजीतानं स्वतः भरल्या. त्या पास झाल्या. मग चारशे थैल्यांची पहिली खरी मागणी आली आणि कामाची वाटणी करावी लागली. तरण्या बायांनी कापायचं, मंगलीनं थैलीचं तोंड बंद करायचं आणि मधलं मोजायचं काम सोमारीनं. तिच्याइतका मोजणीचा हात गावात कोणाचाच नव्हता. पाच-पाचाच्या चार चिमटी आणि वर चार, असा तिचा हिशेब चालायचा आणि डोळे तोवर बाहेर कोणाची म्हैस कुठं चालली ते पाहायचे. चारशे थैल्या चार दिवसांत झाल्या. पिकअपमध्ये खोकी चढताना रंजीताला वाटलं, आपण आता खरंच काहीतरी झालो.

पाचव्या दिवशी हातपंपाजवळ फोन वाजला. प्रणितनं रामराम न करताच विचारलं, की एका थैलीत किती नळ्या टाकल्या. रंजीता म्हणाली, चोवीस. तो म्हणाला, तुमच्याकडं एखादी थैली उरली असेल तर उघडून मोजा. तिनं खोलीत जाऊन मोजल्या. सव्वीस भरल्या. दुसरी उघडली, त्यातही सव्वीस. तिला आधी बरंच वाटलं. कमी तर नाहीत ना, असंच तिच्या मनात आलं, आणि हातपंपाशी परत येऊन तेच तिनं फोनवर सांगितलं.

वरोऱ्यात काय झालं होतं ते त्यानं नंतर सांगितलं. कंपनीचा नियम असा, की थैली रिकामी झाली म्हणजे चोवीसही जोड झाकले गेले. वेगळं मोजायची गरजच नाही. हा नियम कंपनीचे मोठे साहेब वासेकर यांनी आणला होता, त्याला एक जपानी नावही होतं, आणि त्याबद्दल त्यांना पुण्यात चांदीचं स्मृतिचिन्ह मिळालं होतं. आता पहिल्या टेबलावरच्या पोरीनं नळ्या चढवल्या आणि पाहिलं तर थैलीत दोन उरलेल्या. म्हणजे दोन जोड उघडे. तिनं बॅटरी खोलली, चोवीस जोड दोनदा तपासले, सगळे झाकलेले. तिला घाम फुटला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर तेच झालं, मग त्याच्या शेजारी. दुपारपर्यंत साठ बॅटऱ्या ओळीनं बाजूला काढून ठेवल्या होत्या. साठही निर्दोष होत्या, आणि तोच त्यांच्यातला दोष होता. काम बंद पडलं.

पुढचं प्रणितनं आवाज उतरवून सांगितलं. घाबरून त्यांनी गोदामातल्या जुन्या बॅटऱ्याही खोलल्या. त्या जुन्या पुरवठादाराच्या थैल्या वापरून केलेल्या होत्या. त्यांतल्या सातांमध्ये एकेक जोड खरोखर उघडा निघाला. तो पुरवठादार अधूनमधून तेवीसच नळ्या टाकायचा. थैली वेळेवर रिकामी व्हायची, पोरी बॅटरी पुढं ढकलायच्या. कमी देणाऱ्यानं काम कधी बंद पाडलं नव्हतं, त्यामुळे कंपनीच्या संगणकात तो हिरव्या यादीत होता. जास्त देणारं मोहटोला लाल यादीत गेलं. लाल यादी म्हणजे नवीन रिळं बंद.

दोन दिवसांनी प्रणित कागद घेऊन मोहटोल्याला आला. कागदावर पाच चौकटी होत्या, आणि पाचही चौकटींत एकच प्रश्न: का? वासेकर साहेबांचं म्हणणं, कुठल्याही चुकीला पाच वेळा ‘का’ विचारलं की तिचं मूळ सापडतं. खाली सहावी चौकट जबाबदार व्यक्तीच्या नावाची, सातवी कारवाईची. सोबत पुरावा म्हणून एक फोटो.

प्रणितनं रंजीताला बाजूला घेतलं. त्याला घाई होती, आणि मनानं तो वाईट नव्हता. त्यानं सोपा मार्ग सांगितला. पाच चौकटींत लोक काय लिहितात ते कोणी वाचत नाही. सहावीत सोमारीबाईचं नाव टाकायचं, सातवीत ‘कामावरून काढलं’ लिहायचं आणि परत घेतलेल्या बिल्ल्याचा फोटो जोडायचा. एका दिवसात लाल निघून हिरवं होतं. सगळे असंच करतात. रंजीतानं विचारलं, की नुसतं लिहायचं आणि आत्यानं दुसऱ्या दिवशी यायचं, असं चालेल का. तो म्हणाला, नाही, तपासणीला माणूस येतो, बिल्ल्यावरचा चेहरा पाहतो.

एका पारड्यात दहा बायांचं काम होतं आणि दुसऱ्यात एक म्हातारी, आणि हिशेब कोणत्या बाजूनं झुकतो ते काही अवघड नव्हतं. ती गटाची अध्यक्ष होती. अध्यक्षानं असले हिशेब करायचे असतात, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिनं खोलीत पाहिलं. सोमारी रिळं नसताना सुद्धा खुर्चीत बसून होती, झगा घालून, बिल्ला सरळ करून, काम येईल म्हणून.

“भाऊ,” रंजीता म्हणाली, “कागदावर पाच वेळा काऊन लिव्हलं हाय. तर पाच वेळा इचारा तिले. खरं खरं लिव्हा.”

प्रणितनं घड्याळाकडं पाहिलं, मग खुर्ची ओढून सोमारीसमोर बसला. मंगलीनं चहा आणून ठेवला. त्यानं पहिलं ‘का’ विचारलं, की बाई, चोवीस सांगितले असताना तुम्ही सव्वीस का भरले.

सोमारीला प्रश्नच कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण असं कोणी विचारील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“चोवीस तुमचे,” ती म्हणाली. “दोन मुन्शीचे.”

“इथी मुन्शी कुठी हाय, बाई?”

“दिसत नाई मनून नाई का?” सोमारी म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते रंजीताला लहानपणापासून पाठ होतं. तेंदूपत्त्याचा पुडा सत्तर पानांचा. मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून पानं तोडायची, घरी बसून सत्तर-सत्तर मोजून बांधायची आणि दुपारी फडीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, न्यायची. फडीवर ठेकेदाराचा लटारू मुन्शी बसायचा, चटईवर, शेजारी पाण्याची सुरई. तो पुडा उचलायचा, अंगठ्यानं कडेवरून फर्रकन फिरवायचा आणि मान वर न करता दोन बोटं दाखवायचा. दोन पानं कमी. तोंडानं बोलायचे कष्टसुद्धा नाहीत. कमी असलेला पुडा बाद, आणि बाद झालेला पुडा परत मिळायचा नाही, तो मुन्शीच्या मागं जाऊन पडायचा. संध्याकाळी मागचा ढीग पुढच्या ढिगाएवढा झालेला असायचा. एका वर्षी सोमारीनं त्याच्यासमोर पुडा सोडून सत्तर पानं मोजून दाखवली. मुन्शीनं शांतपणे तिचे त्या दिवशीचे सगळे पुडे बाद केले. पुढच्या दिवसापासून ती बहात्तर बांधू लागली. सगळ्याच बाया बांधू लागल्या. मुन्शी मग दोन बोटं दाखवायचा थांबला असं नाही, पण कमी वेळा दाखवायचा. पंचवीस उन्हाळे हे चाललं. मुन्शी मेला त्यालाही आता बारा वर्षं झाली होती, तेंदूचा लिलाव आता ग्रामसभाच करत होती, आणि सोमारीचा पुडा अजून बहात्तरचाच होता.

प्रणितनं अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं. चहा थंड झाला. त्याचे वडील बापूजी दर हंगामात वरोऱ्याच्या बाजारात कापूस नेत, आणि काटा झाल्यावर व्यापाऱ्यानं मागायच्या आतच स्वतःहून दोन किलोची सूट बोलून टाकत. लहानपणी प्रणितला त्याची लाज वाटायची. व्यापारी हसून बापूजींच्या पाठीवर थाप मारायचा, त्याची तर जास्तच. हे त्यानं मोहटोल्यात कोणाला सांगितलं नाही. रंजीताला सांगितलं ते खूप नंतर, आणि तेही दुसऱ्याच कुठल्या तरी बोलण्यात.

“कमी भरले असते त चोर मनले असते,” सोमारी म्हणाली. तिला आता थोडा राग आला होता. “जास्त भरले तरी चोर. मंग मानसानं भरावं तरी किती?”

प्रणितनं पेनाचं टोपण काढलं आणि चौकटी भरायला घेतल्या. पहिलं का: दोन नळ्या जास्त का पडल्या? मोजणीनंतर दोन वाढवण्याच्या सवयीमुळे. सवय का? घेणारा माल नेहमी कमी ठरवतो म्हणून. कमी का ठरवतो? कमी ठरवलेला माल त्यालाच राहतो म्हणून. देणारे ऐकून का घेतात? त्या गावाला दुसरी फडी नव्हती, आणि पान दोन दिवस पडलं की वाळून जातं म्हणून. पाचव्या चौकटीपाशी तो थांबला. दुसरी फडी का नव्हती? रंजीता म्हणाली, लटारू मुन्शीनं होऊ दिली नाही.

सहावी चौकट आली, जबाबदार व्यक्तीचं नाव. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रणितनं जपून, स्वच्छ अक्षरात लिहिलं: श्री. लटारू. सातवीत लिहिलं: कामावरून कायमचं दूर करण्यात आलं आहे. तारखेला मात्र अडलं. कारवाई गेल्या तीस दिवसांतलीच हवी अशी अट होती, आणि मुन्शीला जाऊन बारा वर्षं झालेली. शेवटी त्यानं आजची तारीख टाकली. मेलेल्या माणसाला आज काढलं काय आणि तेव्हा काढलं काय, लटारू मुन्शीची तक्रार येण्यातली नव्हती.

राहिला फोटो. प्रणित म्हणाला, काढून टाकलेल्या माणसाची रिकामी जागा दाखवली तरी चालते. सोमारीला दोन मिनिटं उठायला सांगितलं. ती कुरकुरत उठली, भिंतीला धरून उभी राहिली. रिकाम्या निळ्या खुर्चीचा फोटो निघाला आणि ती लगेच पुन्हा बसली. रंजीताला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. तिनं दोन्ही पदरात लपवलं.

आठवड्यानं उत्तर आलं. वासेकर साहेबांनी स्वतः पाठवलं होतं. मूळ कारणापर्यंत जाऊन तत्परतेनं कारवाई केल्याबद्दल गटाचं अभिनंदन, आणि सदर लटारू यांना यापुढं कोणत्याही महत्त्वाच्या कामावर घेऊ नये. मोहटोला हिरव्या यादीत आलं. रिळं आली.

आता सोमारीला चोवीसवर थांबायला शिकवावं लागलं. हे तिला गुडघ्यांपेक्षा अवघड गेलं. पाच-पाचाच्या चार चिमटी, वर चार, आणि मग हात आपोआप ढिगाकडं. रंजीता शेजारच्या खुर्चीतून खोकायची. हात परत यायचा. आठ दिवस खोलीत एवढा खोकला चालला की मंगलीनं अडुळशाचा काढा करून आणला. सोमारी म्हणायची, दार न लावता घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. पण शिकली. महिन्याभरात थैल्या चोवीसच्या निघू लागल्या, आणि एके संध्याकाळी ती सुनेला म्हणाली, की खरं सांगायचं तर हलकं वाटतंय. आपण मोजलं तेवढंच बरोबर धरणारं माणूस आपल्याला म्हातारपणी भेटलं. रंजीतानं ते प्रणितला फोनवर सांगितलं. तो नुसता “हो, ताई” म्हणाला आणि फोन ठेवला.

मार्चच्या शेवटी आमंत्रण आलं. चंद्रपूरच्या एका हॉटेलात कंपनीच्या सगळ्या पुरवठादारांचं सहयोग संमेलन होतं, आणि मोहटोल्याचा सत्कार होणार होता. दोघींनी यावं, आणि म्हाताऱ्या बाईनं शक्यतो नऊवारीत यावं, अशी सूचना होती. सकाळची गाडी धरून, गडचिरोलीला दुसरी पकडून, त्या अकराच्या सुमाराला पोचल्या. सभागृह इतकं गार होतं की सोमारीनं पदर कानांवरून घेतला, पण बिल्ला बाहेर ठेवला. मागं पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपण पुरवठादार नाही, आपण कुटुंब आहोत.

सत्कार झाला. फोटो निघाले. जंगलातून आलेल्या दोघी बायांना कुंडीतलं सागाचं रोप देण्यात आलं, पर्यावरणाची आठवण राहावी म्हणून. मग पडद्यावर त्या सात बॅटऱ्या आल्या. वासेकर साहेबांनी सांगितलं, की कंपनीच्या अंतर्गत दक्षतेमुळे सात संभाव्य दोष वेळीच पकडले गेले. टाळ्या पडल्या. दोन नळ्यांचं कोणी नाव काढलं नाही. त्यानंतर वर्षभरात एकही तक्रार नसलेल्या पुरवठादाराला ढाल देण्यात आली. तो तेवीसवालाच होता. रंजीतानं प्रणितला शोधलं. तो भिंतीशी उभा होता आणि आपल्या बुटांकडं पाहत होता.

जेवणाआधी साहेब पुन्हा उठले. ते गोड बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, बाजारात स्पर्धा वाढली आहे, पुण्याहून दबाव आहे, अशा वेळी कुटुंबातल्या प्रत्येकानं थोडा भार उचलायचा असतो. बोलण्यात निम्मं इंग्रजी होतं. सोमारीला त्यातलं काही कळेना. ती कुंडीतल्या रोपाची माती चाचपत बसली होती. मग साहेब म्हणाले, की आम्ही फार मागत नाही, शंभरामागं फक्त दोन. आणि मागच्या रांगांना दिसावं म्हणून त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली.

सोमारीचा मातीतला हात थांबला.

कागद फिरू लागले. पुढच्या रांगांत लोक लग्नाच्या आहेराच्या वहीत नाव लिहावं तशा सह्या करत होते. कागद रंजीतापाशी आला. शंभर थैल्यांमागं दोन थैल्या विनामोबदला, स्वेच्छेनं. खाली सही, आणि सहीच्या वर एक चौकट: आपल्या बाजूनं ही योजना राबवणारी जबाबदार व्यक्ती. प्रणित मागून येऊन वाकला आणि हळूच म्हणाला, ताई, स्वेच्छेनंच आहे, पण सही नसेल तर सोमवारपासून यादी लाल होते. एवढं सांगून तो निघून गेला. रंजीताला संताप आला. महिनाभर खोकून खोकून तिनं म्हातारीची आयुष्यभराची सवय सोडवली होती, आणि तिला हलकं वाटू दिलं होतं.

सोमारीनं तिच्या कोपराला हात लावला.

“तो काय मांगून राह्यला?”

“शंभर थैल्यामांगं दोन थैल्या, आत्या. फुकट.”

सोमारी व्यासपीठाकडं पाहत राहिली. फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून साहेबांनी बोटं पुन्हा वर धरली होती.

“त्याले त तू काढला होता ना?” ती म्हणाली. “कागदावर लिव्हून?”

रंजीतानं कागदाकडं पाहिलं. तिला तेलंगणाची पिकअप आठवली, मंगलीचं तान्हं पोर आठवलं, निळी खुर्ची आठवली. मग तिनं चौकटीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: श्री. लटारू. आणि खाली सही केली.

“काढला होता,” ती म्हणाली. “आज परत कामावर घेतला.”

सोमारी हसली नाही. तिनं बिल्ला सरळ केला, रोपाची कुंडी मांडीवर घेतली. सगळे जेवायला उठले तरी ती बसून राहिली.

“मंग आता थैलीत किती भरू?” तिनं विचारलं.

“चोवीसच, आत्या.”

“आन् त्याचे?”

“त्याचे येगळे बांधू.”